काचेचं झाकण

१

फोल्कर्ट टामेनने सगळी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात काढली. डब्यात पाऊल टाकलं की विनातिकीट कोण बसलंय हे आपल्याला वासावरून कळतं, असं तो स्वतःच सांगायचा. निवृत्त झाल्यावर डबे गेले, प्रवासी गेले, नाक तेवढं राहिलं. आता ते घरात फिरायचं. बिस्किटांचा डबा कोणी उघडला, पेपरची घडी आपल्याआधी कोणी मोडली, याचा रोज तपास चाले. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको थेडा. त्यामुळे आरोपी शोधायला फारसे कष्ट पडत नसत.

जर्मनीतल्या ओल्डरफेन गावात कालव्याच्या काठी त्यांचं विटांचं घर होतं. घराच्या मागे गवताचा एक पट्टा, आणि त्यापलीकडे काळी दलदल, नजर पोचेल तिथवर. दलदलीकडे तोंड असलेली मागची खोली फोल्कर्टची. तिथे तो विमानं करायचा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लढाऊ विमानं, प्लास्टिकची, खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्शाची, म्हणजे वीतभराहून थोडी मोठी. सकाळी सायकलवरून बेकरीत जाऊन गरम पाव आणायचे, चहा घ्यायचा, आणि खोलीत शिरायचं. सुटे भाग चौकटीतून कापायचे, सांधे घासायचे, गोंद लावून वाट बघायची. रंग मारायचा, पुन्हा वाट बघायची. या छंदात निम्मं काम वाट बघण्याचंच असतं, आणि संशयी माणसाला वाट बघणं चांगलं जमतं.

थेडा त्या खोलीत सहसा पाऊल टाकत नसे. पण त्या वर्षी तिची आई, गेशे, वारली. आईचं कपाट आवरताना तिला एक फोटो सापडला. करड्या लढाऊ विमानाच्या पंखावर एक पोरगेलासा माणूस उभा, हसतोय, टोपी मागे सरकलेली. तो हार्म, तिचा बाप. त्याने थेडाला पाहिलं नव्हतं आणि तिने त्याला. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याचं विमान याच दलदलीत पडलं, आणि मग ना विमान सापडलं ना तो. थेडा त्यानंतर काही आठवड्यांनी जन्मली.

तिने तो फोटो फोल्कर्टच्या टेबलावर ठेवला.

"हे करशील?"

फोल्कर्टने भिंग उचललं. "एकशे नऊ मॉडेलचं विमान आहे हे. शेवटच्या शेवटच्या बनावटीचं. बघ, नाकाच्या बाजूला हा जो फुगवटा..."

"फुगवटे राहू देत. करशील का ते सांग."

"करीन की. फक्त शेपटीवरचं ते नाझी चिन्ह, त्यावर बंदी असल्यामुळे, आपल्याकडच्या किटमध्ये धड मिळत नाही. दोन तुकडे करून देतात, ज्याला हौस आहे त्याने जोडायचं."

"जोडू नकोस. मला ते चिन्ह नको, मला माणूस हवाय. आत माणूस बसव," थेडा म्हणाली. "आणि वरचं काचेचं झाकण उघडं ठेव. एवढंच कर माझ्यासाठी, बाकी मी काही मागत नाही."

२

झाकण उघडं ठेवायचं तर काचेचा एकसंध भाग पातळ करवतीने कापून मधला तुकडा वेगळा करावा लागतो. फोल्कर्टने कापायला घेतला. करवत घसरली आणि काचेला तडा गेला. त्याने दुसरा भाग मागवला. तो आल्यावर करवत हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि परत खणात ठेवून दिली. मग त्याला आठवलं की विमानं करणाऱ्यांच्या त्याच्या क्लबात एक रीतच आहे: आत माणूस बसवला असेल तर विमान उडतंय असं धरतात आणि झाकण बंद ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगण खरोखरच वाकडं निघालं की माणसाला किती हायसं वाटतं.

माणूस मात्र त्याने मन लावून केला. अंगठ्याएवढा, तपकिरी कातडी जाकिटातला, दोन्ही हात विमान वळवायच्या काठीवर, मान सरळ. चेहरा फोटोवरून रंगवला. फोटोत तो हसत होता, एवढ्याशा तोंडावर हसू उमटेना, म्हणून ओठ नुसते मिटलेले ठेवले.

झाकण त्याने पांढऱ्या गोंदाने चिकटवलं, शाळेतली मुलं वापरतात त्या. सुपरग्लू काचेजवळ चुकूनही न्यायचा नसतो. त्याची वाफ आत कोंडली की काच आतून पांढरी होते, आणि मग ती काही केल्या जात नाही. ही चूक प्रत्येक नवशिका एकदा करतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो.

थेडाने विमान पाहिलं. बराच वेळ ती वाकून आत बघत होती.

"माझा बाबा छान केलास," ती म्हणाली. आणि मग, "बंद आहे."

"आत माणूस असला की बंदच ठेवतात. नियमच आहे तो."

"कोणाचा नियम?"

"क्लबाचा."

"क्लबाने मागितलं होतं का विमान?"

फोल्कर्ट ब्रश पुसायला लागला. थेडाची आई भर हिवाळ्यातही खिडकी उघडी टाकून झोपायची, सगळं गाव तिला त्यावरून हसायचं. तिचं हे वेड मुलीत उतरलंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

३

विमान दिवाणखान्यात खिडकीशी ठेवलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी फोल्कर्ट बेकरीत निघताना सहज त्याच्याकडे गेला आणि थांबला. काच पांढरी झाली होती. आतून. हार्म नुसता एक तपकिरी डाग दिसत होता.

"थेडा, माझा सुपरग्लू तू घेतलास?"

थेडा स्वयंपाकघरातून आली. "किटलीच्या झाकणाची मूठ निघाली होती, ती चिकटवली. परवा. का?"

"कुठे बसून चिकटवलीस?"

"इथेच. फोल्कर्ट, मी काय विनातिकीट प्रवास करतेय का?"

"विमानाजवळ सुपरग्लू नेलास. झालं त्याचं वाटोळं. महिन्याभराचं काम."

थेडाने काचेकडे पाहिलं. ती रागावेल, निदान उलट बोलेल, असं त्याला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "जा, पाव घेऊन ये. गार होतील."

तो तणतणत गेला. सायकलवर त्याने पुढचं सगळं ठरवलं, काच फोडायची, नवी मागवायची, थेडाला ऐकवायचं. परत आला तर काच लख्ख होती.

त्याने पावांची पिशवी खाली ठेवली आणि बोटाने काचेवर टिचकी मारली. सुपरग्लूचा पांढरेपणा असा जात नाही. तो पुसावा लागतो, घासावा लागतो, आणि तरी राहतो. मग हे धुकंच असणार, दमट हवेचं. तो चहाला बसला. थेडाने खडीसाखर कपात टाकली, वरून गरम चहा ओतला, साखर नेहमीसारखी तडकली. मग साय सोडली. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. फक्त थेडा आज गुणगुणत होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत ती गुणगुणली नव्हती.

धुकं दुसऱ्या दिवशी पहाटेही होतं. तो पाव घेऊन आला तेव्हा नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तसंच.

४

ओनो हा क्लबातला त्याचा जुना सोबती, आणि सोबत्याइतकाच जुना प्रतिस्पर्धी. गावात त्याचं औषधांचं दुकान होतं. तो दुपारी चहाला आला, तिकडच्या रीतीने नमस्कारादाखल "मोइन" म्हणाला आणि थेट विमानाकडे गेला.

"भारी झालंय रे. क्लबाच्या प्रदर्शनात आणतोयस ना?"

"बघू."

"आण. माझं काम एवढं बरं झालं नाहीये या वेळी, तेव्हा तुलाही संधी आहे."

फोल्कर्टने त्याला धुक्याचं सांगितलं. ओनोने हसून सगळं उलगडून दाखवलं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, ते सुकताना वाफ होते. झाकण बंद, वाफेला जायला वाट नाही. रात्री खोली गार पडते, काचेवर बसते. सकाळी शेगडी पेटली की जाते. यात गूढ ते काय?

"गोंद सुकून आठवडा झाला," फोल्कर्ट म्हणाला.

"मग तुझा पायलट घोरत असेल."

थेडा टेबलावर कप मांडत होती. तिचा हात क्षणभर थांबला.

ओनोचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि फोल्कर्टला ते पटलंही असतं. पण तेवढ्यात एक बारीक आवाज झाला. टक्. साखर तडकते तसा. थोड्या वेळाने पुन्हा, टक्, टक्. त्याने कपाकडे पाहिलं. चहा अजून कोणी ओतलाच नव्हता.

"प्लास्टिक," ओनो म्हणाला. "उन्हाने फुगतं, सावलीत आकसतं."

बाहेर ऊन नव्हतं. फोल्कर्टने ते बोलून दाखवलं नाही, कारण तो वेगळ्याच विचारात होता. मघाशी तो सरपण आणायला परसात गेला तेव्हा ओनो या खोलीत एकटाच होता. प्रदर्शन जवळ आलेलं. आणि ओनोच्या दुकानात काच आंधळी करणाऱ्या बाटल्या काय कमी असतील? ओनो गेल्यावर त्याने विमानाला नाक लावून वास घेतला. कसलाच वास नव्हता.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं, पण सगळीकडे नव्हतं. डाव्या बाजूला, माणसाच्या खांद्याजवळ, मसुरीच्या डाळीएवढी जागा स्वच्छ होती. बसच्या खिडकीवरचं बाष्प आपण बाहीने पुसतो तशी. फोल्कर्टने रुमालाने काच बाहेरून पुसून पाहिली. धुकं जिथल्या तिथे. जागाही जिथल्या तिथे.

थेंब ओघळला असेल, त्याने मनाला सांगितलं. थेंब खाली ओघळतो. हा पुसट पट्टा आडवा गेला होता. पण थेंब आडवाही जात असेल, टेबल कललेलं असेल. त्याने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि पाव आणायला गेला.

५

तपास करणारा माणूस शेवटी एकच प्रश्न विचारतो: मी नसताना इथे कोण असतं? फोल्कर्टने तो स्वतःला विचारला आणि त्याला लाजच वाटली, इतकं उत्तर सोपं होतं. धुकं जातं ते तो बेकरीत असताना. आणि तो बेकरीत असताना घरात एकच माणूस असतं.

त्याने डोक्यावरचा एक केस उपटला आणि थुंकी लावून झाकणाच्या सांध्यावर आडवा चिकटवला. सकाळी निघताना काच धुरकट होती आणि केस जागेवर. परत आला तेव्हा काच स्वच्छ, केस गायब. भिंगातून त्याला सांध्याच्या कडेला नखाची खूण दिसली, एका जागी वारंवार नख घालून झालेली. पांढरा गोंद तो, थोड्या ओलाव्याने सुटतो. झाकण रोज उघडलं जात होतं आणि रोज परत बसवलं जात होतं.

त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. नाक अजून शाबूत होतं. थेडाला झाकण उघडं हवं होतं, त्याने बंद केलं, म्हणून ती त्याच्या पाठीमागे हे धंदे करत होती. त्याचं काम बिघडवत होती, तेही प्रदर्शनाच्या तोंडावर. आणि वर गुणगुणत होती. मुळात धुकं येतं कुठून, हा प्रश्न त्याच्या मनात एकदा डोकावला. पण चोर हाती लागल्यावर असल्या प्रश्नांना कोण विचारतो?

तो तिला सरळ विचारू शकला असता. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने कधी कोणाला 'तिकीट का काढलं नाहीस' असं विचारलं नव्हतं. ते विचारायची पद्धत नसते.

शुक्रवारी दुपारी थेडा चर्चच्या गायनाला गेली. फोल्कर्टने झाकण नीट दाबून बसवलं, सांध्यात सुईच्या टोकाने घट्ट गोंद भरला, आणि त्यावरून पारदर्शक वार्निशचा हात फिरवला. मग दुसरा हात. झाकणाच्या चारही कडा, मागचा जोड, सांध्यात राहिलेल्या केसभर फटीसुद्धा. आता कोणी नख घातलं तर वार्निश तडकणार आणि तो तडा त्याला दिसणार. ब्रश धुताना तो स्वतःवर खूश होता.

खोलीत टक् असा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी तो मागच्या खोलीत डबा शोधत असताना दिवाणखान्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो गेला तेव्हा थेडा विमानाजवळ उभी होती, हात ॲप्रनच्या खिशात.

"हे नको नेऊस," ती म्हणाली.

"का?"

"दुसरं ने कुठलंही. कपाट भरलंय तुझं."

"कारण सांग, मग नाही नेत."

थेडा त्याच्याकडे बघत राहिली. ती सांगणार असं त्याला क्षणभर वाटलं, पण बाहेर ओनोच्या गाडीचा हॉर्न वाजला. फोल्कर्टने विमान डब्यात ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

६

प्रदर्शन दोन दिवसांचं, शेजारच्या शहरातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत. लांबलचक टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, आणि त्यावर विमानंच विमानं. कोपऱ्यात सॉसेज भाजत होते. फोल्कर्टने डबा उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. काच नुसती धुरकट नव्हती. दुधात बुडवल्यासारखी पांढरी होती.

"काय रे, पायलट आत सिगारेट ओढतो का?" शेजारच्या टेबलावरचा एक जाड्या म्हणाला.

"सुपरग्लू," दुसऱ्याने निदान केलं. "एवढी वर्षं काढून ही चूक?"

"पांढरा गोंद आहे," फोल्कर्ट म्हणाला. ते त्याने दिवसभर म्हटलं, येईल त्याला. लोक मान हलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे. परीक्षकही बघून गेला आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. 

ते रात्री ओनोच्या बहिणीकडे उतरले. विमान व्यायामशाळेतच राहिलं, कुलुपात.

रविवारी सकाळी पांढरेपणात पुसलेल्या जागा दिसत होत्या. डाव्या बाजूला जास्त, पुढच्या काचेवर काही, एक अगदी वर. ओनो भिंग लावून बराच वेळ बघत होता. त्याची नेहमीची चेष्टा बंद झाली होती.

"फोल्कर्ट, याचा डावा हात वर आहे. तसा केला होतास?"

"दोन्ही हात काठीवर आहेत."

ओनोने पुन्हा पाहिलं. "मग धुक्यामुळे मला नीट दिसत नसेल." त्याने भिंग खिशात टाकलं. "एक सांगू? ब्लेड घे आणि झाकण उघड. पाच मिनिटं हवा लागू दे. परत चिकटवता येईल, परीक्षक दुपारी फिरणार आहे पुन्हा."

"नाही."

"अरे, वाफ आहे आत. जाऊ दे की तिला बाहेर."

"वार्निश अखंड राहिलं पाहिजे. मला घरी दाखवायचंय."

"कोणाला?"

"आहे एक जण."

ओनोने त्याच्याकडे असं पाहिलं की फोल्कर्टला राग आला. मग ओनो कॉफी आणायला निघून गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

जेवणाच्या सुमाराला शाळेच्या शिपायाने त्याला फोनवर बोलावलं. थेडा होती.

"झाकणाला काय लावलंस तू? काल सकाळी माझं नख शिरेना."

फोल्कर्टने एक श्वास घेतला. या वाक्याची तो वाटच बघत होता. "म्हणजे तू उघडत होतीस."

"हो. रोज. आता तू उघड."

"कबूल करतेस तर."

"करते. सगळं कबूल करते. आल्यावर हवं ते बोल मला, पण आत्ताच्या आत्ता जा आणि झाकण उघड. फोल्कर्ट, मी पाया पडते तुझ्या."

इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. त्याला एकदम भीती वाटली. थेडाची वाटली, थेडासाठी वाटली, आणखी कशाची तरी वाटली. पण भीती वाटली की तो नेहमी जास्तच नियमाने वागायचा.

"घरी आल्यावर बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

टेबलाशी परत आला तेव्हा काचेच्या पुसलेल्या जागा मोठ्या झाल्या होत्या. पण पुसल्यासारख्या नव्हत्या, धुकं नुसतं विरत होतं, कडांपासून. त्याने खुर्ची ओढली आणि बघत बसला. टक् असा आवाज दोनदा आला, फार हळू. मग आला नाही. बक्षिसांचा समारंभ सुरू होईपर्यंत काच इतकी नितळ झाली होती की ती आहे हे बोट लावून बघावं लागे. परीक्षक आला, वाकला, आणि त्याने भुवया उंचावल्या. सर्वांत स्वच्छ काचकामाचं प्रशस्तिपत्र फोल्कर्ट टामेनला मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाड्यानेही वाजवल्या. फोल्कर्टनेही, थोडा वेळ.

परतल्यावर ओनोने त्याला घरापुढे उतरवलं आणि चहाला न थांबता गाडी वळवली.

७

थेडा दारातच उभी होती. कोट न घालता, वाऱ्यात.

फोल्कर्टने विमान स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि प्रशस्तिपत्र त्याच्या शेजारी. "बघ. कोणी हात लावला नाही तर काच कशी राहते ते बघ."

ती वाकली. ती इतका वेळ वाकून राहिली की त्याला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि धीर झाला नाही.

"कधी स्वच्छ झाली?" तिने विचारलं.

"दुपारी. तुझ्या फोननंतर."

थेडा खुर्चीवर बसली. "आईला हवाई दलातल्या वरच्यांनी सांगितलं होतं, विमान आदळलं, लगेच गेला, त्रास झाला नाही. मी शाळेत असताना मला एका म्हाताऱ्याने खरं सांगितलं. दलदलीत जळणाची माती कापायला जायचा तो. विमान पोटावर उतरलं होतं, अख्खं. आग नाही, काही नाही. बुडण्याआधी दोन दिवस वर होतं. चिखलात कोणाला जवळ जाता येईना, आणि त्याला आतून झाकण उघडेना. काठावरून लोक बघायचे. काच पांढरी व्हायची, मधेच पुसली जायची. म्हातारा म्हणाला, मग एकदम स्वच्छ झाली, आणि आम्ही घरी गेलो."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तुला? तू काय म्हणाला असतास, पुरावा काय?" ती चिडून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. "त्या पहिल्या सकाळी मी झाकण काढलं, तर धुकं माझ्या बोटांवर आलं, फोल्कर्ट. कोमट होतं. मी चोपन्न वर्षांची आहे. मला तो रोज पाव येईपर्यंत मिळायचा. तेवढा पुरत होता मला."

तिने फळं सोलायची सुरी घेतली आणि वार्निशची रेघ कापत गेली.  झाकण सुटलं. फोल्कर्ट पुढे झाला, पण तिने लगेच कॉकपिटवर तळहात ठेवला. तेवढ्यात त्याला दिसलं ते इतकंच: सीट रिकामी होती, आणि तपकिरी जाकीट डाव्या कोपऱ्यात दुमडून, वर सरकून बसलं होतं. ज्या चेहऱ्यावर त्याने मिटलेले ओठ रंगवले होते, तिथे ओठ मिटलेले नव्हते.

"तू नको बघूस," थेडा म्हणाली. विमान कुशीत घेऊन ती निजायच्या खोलीत गेली. तिने दार लावलं, आणि आत खिडकी उघडल्याचा आवाज आला.

टेबलावर झाकण राहिलं होतं. फोल्कर्टने ते उचलून उजेडात धरलं. आतल्या बाजूने, डाव्या कडेशी, जिथे खऱ्या विमानात झाकण सोडायचा खटका असतो, तिथे ओरखडे होते. केसाहून बारीक, एकमेकांत घुसलेले. घासायच्या कागदाचे ओरखडे एका दिशेने जातात, हे त्याला माहीत होतं. असे ओरखडे पाडणारा कागद त्याच्या खणात नव्हता, कोणाच्याच खणात नसेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात पक्का पुरावा होता, आणि आरोपी तोच होता.

त्याने पॉलिशची बाटली काढली, मऊ कापड बोटाला गुंडाळलं, आणि घासायला बसला. ओरखडे हळूहळू पुसट व्हायला लागले. त्याचे डोळे भरून येत होते, पण बोट थांबत नव्हतं. दार कधी उघडलं ते त्याला कळलं नाही.

"काय करतोयस?" थेडाने विचारलं.

"काही नाही. काच साफ करतोय."

"राहू दे ती," ती म्हणाली. "आता त्यातून बाहेर बघायला कोण आहे?"